खसरा नंबर ६४ मधली पांदण

नागपूर,
रविवार, दि. १९ फेब्रुवारी १९७८

प्रिय गोपिका,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला याचं कारण काम, दुसरं काही नाही. कामठीची थंडी आता ओसरली असेल. शाळेत चौथीचा वर्ग तुलाच दिला हे बरं झालं. मुलं तुझं ऐकतात.

मी ठीक आहे. खोली तीच, धंतोलीतली. घरमालकीण यमुताई चांगल्या आहेत, फार चौकशा करत नाहीत. बोरकर आडनाव ऐकलं की लोक आपापल्या सोयीनं समजून घेतात, आणि मी त्यांना त्यांच्या सोयीवर सोडते. यावर तू मागच्या पत्रात जे लिहिलंस त्याचं उत्तर मी आज देणार नाही.

मार्तंडरावांच्या मोजणी ऑफिसात मला आता पक्के नकाशे देतात. पूर्वी मी फक्त ट्रेसिंग करत असे. आता मोजणीची साखळी घेऊन शेतातही जाते, फील्डबुक माझ्या हाताने लिहिते. पॉलिटेक्निकमधून बाहेर पडलेल्या आम्हां तिघींपैकी शेतात उतरणारी मी एकटीच. एप्रिलमध्ये मला कायम करतील असं मार्तंडराव म्हणाले आहेत.

गेल्या मंगळवारी कामासाठी आपल्या जांभूळडोहला जाणं झालं. मालगुजाराच्या वारसांनी नदीकडची अडतीस एकर जमीन विकायला काढली आहे, हे तुला घरून कळलं असेलच. घेणारे बाबारावजी, गांधीबागेतले कापडाचे ठोक व्यापारी. काटोलकडे त्यांची वडिलोपार्जित थोडी शेती आहे, त्यामुळे शेतजमीन घ्यायला कायद्याची अडचण नाही. वीस संकरित गाई, संत्र्याची चारशे झाडं आणि मधोमध दोन खोल्यांचा बंगला, असा बेत आहे. रविवारी मित्रमंडळी न्यायची, आणि पाच वर्षांनी किंमत दुप्पट होईल ती वेगळीच. माणूस गमत्या आहे. मला म्हणाले, "चाळीस वर्षं कापड फाडलं मॅडम, आता जरा गवत पाहू द्या." त्यांच्या पत्नी कुसुमताई थर्मासमधून चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी मला आपल्या हाताने दिला.

मोजणी एका दिवसात आटोपली. जमीन सपाट आहे, कोपरे सरळ आहेत, चूक व्हायला जागा नाही.

लहानूमामांची भेट झाली. तब्येत बरी वाटली. मामींना भेटायचं राहून गेलं, जीप थांबली होती.

तुझी,
प्रेमिला


नागपूर,
दि. २७ ऑगस्ट १९७८

प्रिय गोपिका,

तुझी तार बुधवारी सकाळी दहा वाजता ऑफिसात मिळाली. तुझी आई, माझ्या मामी, गेल्याचं वाचलं. काय लिहावं ते सुचत नाही. असं लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहीत नाही, खरोखर सुचत नाही.

मला रजा मिळाली नाही. पावसाळ्यात शेतातली कामं बंद असतात, पण पक्क्या नकाशांचं काम साचलेलं असतं.

अकरावीत असताना मी वर्षभर तुमच्याकडे राहिले. मामी पहाटे उठून माझ्या कंदिलाची काच पुसून ठेवत असत. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण मी पानं उलटत नसले की लगेच कळायचं. "वाचून रायली का झोपून रायली वं?" असं चुलीपासून विचारायच्या. हे तुला माहीतच आहे. तरी लिहिलं.

त्या दिवशी पाऊस फार होता. नेताना त्रास झाला नसेल अशी आशा आहे.

मामांना माझा नमस्कार सांग. ते काही म्हणाले असतील तर कळव.

प्रेमिला


नागपूर,
रविवार, दि. १४ जानेवारी १९७९

गोपिका,

जयभीम.

साडेचार महिन्यांनी तुझं पत्र आलं. सात ओळींचं आहे. मी ते अनेकदा वाचलं. तू विचारलंस, "तुझ्या नकाशात आमची वस्ती किती सेंटिमीटर आहे ते कळव." टोमणा आहे हे कळतं, पण उत्तर देते. वस्ती नकाशात नाही. नकाशा बाबारावजींच्या कुंपणाशी संपतो.

तुझ्या पत्रातून मला तीन गोष्टी कळल्या. पहिली, मंगळवार दिनांक २२ ला तहसीलदारांपुढे वस्तीने पांदणीसाठी केलेल्या अर्जाची सुनावणी आहे... नाही, वार चुकला, २२ ला सोमवार येतो. दुसरी, वस्तीच्या वकिलांनी मामांना सांगितलं की पंचनाम्यावरची सही फसवून घेतली असं म्हणा, आणि मामा म्हणाले, "सई माहीच हाय. पोरीनं कागद आणला होता. मी नाही म्हटलं तं थे खोटी ठरन." तिसरी गोष्ट तू एकाच वाक्यात लिहिलीस. मामींना शेवटी नाल्याच्या काठावर पुरलं आणि सप्टेंबरच्या पुरात ती कड खचली.

या तिसऱ्या गोष्टीबद्दल मी काही लिहिणार नाही. लिहिण्याचा अधिकार नाही.

बाकीचं लिहिते. हे पत्र खासगी समजू नकोस. वकिलांना दे, त्यांनी तहसीलदारांपुढे ठेवावं. म्हणून तुला माहीत असलेल्या गोष्टीही पुन्हा लिहिते.

जांभूळडोहची आपली वस्ती गावाच्या पश्चिमेला आहे. छप्पन साली दीक्षा घेतलेली एकतीस घरं. मसनवट नदीच्या काठावर, पूर्वेला. मध्ये मालगुजाराची जमीन, म्हणजे खसरा नंबर ६३, ६४ आणि ६५. यातल्या ६४ मधून वस्तीची पांदण, म्हणजे गाडीवाट, जाते. बैलगाड्या तिथूनच जातात, ढोरं नदीवर तिथूनच जातात आणि माणूस मेलं की तेही तिथूनच जातं. दुसरा रस्ता नाल्यावरून आहे. तो पाच किलोमीटरचा आहे आणि पावसाळ्यात बंद असतो.

१४ फेब्रुवारीला मी ६४ मध्ये साखळी टाकली तेव्हा पांदण होती. साखळीवर ४१२ मीटरला तिची एक कड आणि ४१८ मीटरला दुसरी. चाकोऱ्या वीतभर खोल. मी हे सगळं फील्डबुकात लिहिलं, पान एकतीस. मोजणी करणाऱ्याने जमिनीवर जे दिसतं ते लिहायचं असतं. हात आपोआप लिहितो.

चहाच्या वेळी कुसुमताई पांदणीवर उभ्या होत्या. त्यांनी मार्तंडरावांना विचारलं, "म्हणजे आमचा बंगला झाला की समोरून माती जाणार का हो?" आवाजात राग नव्हता. पडद्याच्या कापडाबद्दल विचारावं तसं विचारलं. बाबारावजी म्हणाले, "अहो, पाहुण्यांना जेवायला वाढलं आणि समोरून मढं, कसं दिसेल ते?" आणि हसले. मार्तंडरावांनी पटवाऱ्याकडून आणलेलं नकाशाचं शीट उघडलं. त्यात पांदण नव्हती. नवीन प्रत काढताना कोणीतरी पांदणीची तुटक रेघ सोडून दिली असावी. मार्तंडराव मला म्हणाले, "मॅडम, शीटवर आहे तेच आपण काढतो. शीटवर नाही म्हणजे नाही. फक्त एक पंचनामा करून घेऊ. वस्तीतलेच पंच घ्या, म्हणजे उद्या बोंब नको."

पंचनामा मी लिहिला. अक्षर माझं आहे. "सदर जमिनीतून कोणाचीही वहिवाट, पांदण अथवा रस्ता नाही व तसा कोणाचा हक्क असल्याचे पंचांस माहीत नाही." हे वाक्य मी लिहिलं तेव्हा माझे पाय पांदणीच्या चाकोरीत होते.

आता जे फेब्रुवारीच्या पत्रात लिहायला हवं होतं ते. मामांची भेट झाली, असं मी लिहिलं होतं. भेट झाली ती अशी.

मला पाहून मामा वस्तीकडून भरभर चालत आले. धोतर वर खोचलेलं, हातात विळा. हसत होते. "प्रेमी" एवढं म्हणाले. ऑफिसातली माणसं, शेठजी, कुसुमताई, सगळे तिथेच होते. मी फील्डबुकातून डोकं वर काढलं आणि विचारलं, "तुमचं नाव काय?"

मामा थांबले. विळा त्यांनी या हातातून त्या हातात घेतला.

"लहानू सीताराम," म्हणाले.

"वय?"

"असन छप्पन-सत्तावन, बाईसाहेब."

कुसुमताईंनी मला हळूच विचारलं, "तुम्हाला ओळखतात वाटतं?" मी म्हणाले, "नाही. मोजणी चालली की सगळेच जवळ येतात."

मार्तंडरावांनी मामांना पंच म्हणून पुढे घेतलं, कारण ते सगळ्यांत जवळ उभे होते. म्हणाले, "वाचून दाखवू का रे, काय लिहिलं ते?" मामा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बाईसाहेबांनं लिवलं ना? मंग झालं. मले काहून वाचून दाखवता?" दुसऱ्या पंचाने मामांनी सही केली म्हणून केली. मामा चौथी शिकलेले आहेत, सावकाश पण सुवाच्य सही करतात. सही झाल्यावर त्यांनी पेन मला दोन्ही हातांनी परत दिलं, जसं साहेबाला देतात.

मामांनी तो कागद वाचला असता तर सही केली नसती. न वाचण्याचं कारण अडाणीपणा नव्हतं. वाचायला मागितला असता तर त्यांचा माझ्यावर विश्वास नाही असं झालं असतं, आणि माझी पंचाईत झाली असती. मी ओळख दाखवली नाही हे त्यांना पहिल्या प्रश्नालाच कळलं होतं. त्यानंतर ते जे काही बोलले ते मला सांभाळून घ्यायला बोलले. तू पूर्वीच्या एका पत्रात लिहिलं होतंस की त्या दिवशी मामींनी माझ्यासाठी चून-भाकर करून ठेवली होती आणि मामांनी घरी येऊन सांगितलं, "कामात हाय थे, येत नाही." त्यांनी घरीसुद्धा मला सांभाळून घेतलं.

पक्का नकाशा मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण केला. पांदण त्यात नाही. एप्रिलमध्ये मला कायम केलं. मे महिन्यात तारेचं कुंपण आणि दोन्ही बाजूंना फाटकं झाली. गाई जूनमध्ये आल्या.

मी हे का केलं, तेही लिहिते. नोकरी हे एक कारण आहे. कुसुमताईंनी चहा स्वतःच्या हाताने दिला होता, हेही एक कारण आहे. ते लिहायला मला जास्त कठीण गेलं.

२३ ऑगस्टचं अजून राहिलं.

रजा मिळाली नाही असं मी तुला कळवलं होतं. मी रजा मागितली होती आणि मार्तंडरावांनी दिली होती. मामी गेल्या हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, डोकं दुखतं म्हणाले होते. साडेअकराच्या बसने खापरखेड्यापर्यंत आले. तिथून एका मालट्रकवाल्याने फाट्यावर सोडलं. वस्तीकडे जायची वाट चिखलाने भरली होती आणि पाऊस लागला होता, म्हणून मी शेठजींच्या रस्त्याकडच्या फाटकाशी आले. तिथून शेतातून सरळ जाता येईल असं वाटलं.

चौकीदाराने मला ओळखलं. नकाशावाल्या मॅडम म्हणून सलाम केला आणि फाटक उघडलं. शेताच्या पलीकडे, वस्तीकडच्या बंद फाटकाशी माणसं उभी होती. अंतर चारशे मीटरच्या आत असावं. खांद्यावर तिरडी होती. वर कोणीतरी पोत्याची खोळ धरली होती. मामा पुढे होते. त्यांचं डोकं उघडं होतं, त्यावरून ओळखलं. तू त्यांच्या मागे होतीस की नव्हतीस ते मला दिसलं नाही.

चौकीदार म्हणाला, "सकाळपासून उभे हायेत मॅडम. खोल म्हणते, जाऊ दे म्हणते. शेटजी तं नागपूरले. मी म्हटलं, नकाशात रस्ता नाही, मी कसा खोलू? माही नोकरी जाइन." मग त्याने विचारलं, "नाही ना मॅडम रस्ता? तुमीच तं काढला नकाशा. तुमी म्हणत असान तं खोलतो."

त्याच्या हातात त्या फाटकाची किल्ली होती. गोपिका, तो वाईट माणूस नव्हता. त्याला एका माणसाने हो म्हणायला हवं होतं.

मी म्हणाले, "नकाशात नाही."

तो म्हणाला, "बरोबर. मंग झालं."

थोड्या वेळाने माणसं वळली आणि नाल्याकडे जायला लागली. मी शेवटचा माणूस दिसेनासा होईपर्यंत फाटकात उभी होते. आत गेले नाही. परतीची बस तीन चाळीसला मिळाली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात वेळेवर होते.

हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही. तू हे मामांना वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव. मी ठरवण्याच्या लायकीची नाही.

आता कामाचं.

या गुरुवारी मी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गेले. जमीनमहसुलाच्या जुन्या बंदोबस्तात प्रत्येक गावाच्या वहिवाटी एका वेगळ्या बाडात नोंदवत असत. त्याला वाजिब-उल-अर्ज म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या माणसांना नाव माहीत असतं, पण ते नकाशासोबत ठेवत नाहीत, म्हणून मोजणीवाले पाहत नाहीत. मीही पाहिलं नव्हतं. जांभूळडोहच्या पानावर खसरा ६४ समोर नोंद आहे, वस्तीच्या लोकांना गाड्या, ढोरं आणि प्रेतं नदीवर नेण्यास रस्ता. वस्तीसाठी तिथे जो जुना शब्द वापरला आहे तो मी इथे लिहीत नाही. सही-शिक्क्याची नक्कल घेतली आहे, या पत्रासोबत आहे. मूळ बाड तहसीलदारांनी मागवावं.

फील्डबुकातलं पान एकतीस ऑफिसच्या कपाटात आहे. उद्या तिथे असेलच असं नाही. नसलं तर मी तोंडी सांगेन. ते आकडे मला पाठ आहेत.

वकिलांना आणखी एक सांग, त्यांच्या ते लक्षात आलेलं नाही. पंचनाम्याच्या शेवटी एक छापील वाक्य असतं. "पंचांचा मोजणी करणाऱ्याशी कोणताही नातेसंबंध नाही." त्याखाली माझी सही आहे. हे वाक्य खोटं ठरलं की तो पंचनामा उभा राहत नाही, आणि शेठजींच्या बाजूला त्याखेरीज दुसरा कागद नाही. मामांनी सही नाकारण्याची काही गरज नाही. सही माझीच आहे असंच त्यांनी म्हणावं. ते जन्मात खोटं बोललेले नाहीत, आणि माझ्यासाठी तर त्यांनी बोलूच नये. खोटं कागदात आहे आणि कागद मी लिहिला.

२२ ला, सुनावणीच्या सोमवारी, मी येणार आहे. मार्तंडरावांना उद्या सकाळी सांगेन, बाहेरून कळण्याच्या आधी. त्यानंतर नोकरी राहणार नाही. खोलीचंही सांगता येत नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. पांदण मिळेल याचीही खात्री देत नाही. बाबारावजी अपील करतील, त्यांना वेळ आहे आणि वकील आहेत. मिळाली तरी ती मामींना कामाची नाही.

मला समोर उभं करून विचारतील, पंच क्रमांक एक यांना ओळखता का. मामा तिथे बसलेले असतील. त्या वेळी त्यांनी खाली पाहू नये एवढं त्यांना सांग. मला दुसऱ्यांदा सांभाळून घेऊ नका म्हणावं.

लहानू सीताराम आणि कौसल्याबाई यांची भाची,
प्रेमिला देवराव बोरकर
वरील जमिनीची मोजणी व नकाशा करणार